शुक्रवारची सुई

बसून राहणं मला जमत नाही. कुवेतच्या इस्पितळात माझं काम कावीळ आणि यकृताच्या रोगांवरच्या संशोधनाचं होतं, म्हणजे सगळा धीराचा मामला. एकेका परीक्षानळीसाठी तासन्‌तास थांबायचं. मी त्या खोलीत येरझाऱ्या घालायचो आणि साहेब वैतागायचे.

साठ सालानंतरची गोष्ट. कुवेत शहराच्या शर्क भागात, मासळीबाजाराच्या मागे, एका जुन्या घरात रत्नागिरीकडचे बारा-चौदा मुसलमान एकत्र राहत. कुणी बंदरावर, कुणी दुकानात, आणि स्वयंपाकाला त्यांच्याच गावाकडचा एक आचारी. घरात मान सगळ्यात वयस्कर माणसाचा, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. मी पुण्याचा, एकटा. कानावर मराठी पडावी म्हणून दर शुक्रवारी तिथे जेवायला जायचो. जेवण झालं की मंडळी बाह्या वर करायची. त्यांना ताकदीची सुई हवी असे. यकृताच्या अर्काच्या सुईचं तेव्हा भारी वेड होतं, आणि डॉक्टर घरचाच म्हटल्यावर काय!

एका उन्हाळ्याच्या तोंडाला त्यातले सहा जण पाठोपाठ पिवळे पडले. मला चेवच आला. टाकीचं पाणी तपासलं, संडास पाहिला, भांडी हुंगली. काही सापडेना, आणि थांबवेना. शेवटी चाचांना सांगून टाकलं, ‘‘आचाऱ्याच्या हातातून येत असणार. त्याला चुलीपासून दूर करा.’’ पुरावा काडीचा नव्हता. नुसता अंदाज.

आठवड्याने आचारी प्रयोगशाळेच्या दारात उभा. त्याला पुढच्या बोटीने मुंबईला पाठवायचं ठरलं होतं.

‘‘डॉक्टरसाब, गावात काय सांगू? हात घाण म्हणून काढला? लेकीच्या सासरी तोंड कसा दाखवू?’’

मी खेकसलो, ‘‘आधी रक्त द्या, मग बोलू.’’

सुई पाहून तो मागे सरला. ‘‘नको, मना सुईची भीती वाटते. मी शुक्रवारची पन कधी घेतली नाय.’’

तो गेल्यावर मी शुक्रवारच्या सुयांच्या नोंदीची वही काढली. आजारी सहाही जण माझ्याकडून सुई घेणारे. न घेणारा एकही पिवळा नव्हता. थंडीत एक पाहुणा खलाशी सुई घेऊन गेला होता, आणि त्याला नंतर कावीळ झाल्याचं मी ऐकलं होतं. रक्तातून येणारी कावीळ दिसायला दोन-चार महिने लागतात. शुक्रवारी मी एकच काचेची सिरिंज नेत असे, घरून उकळून. माणसागणिक टोचायची सुई बदलायची, सिरिंज तीच, आणि तिच्यात आधीच्या माणसाचं रक्त राहू शकतं. तेव्हा पुष्कळ जण असंच करत. पण रक्तातून पसरणाऱ्या काविळीवर काम करणारा मी होतो, ते पुष्कळ जण नव्हेत. माझी मलाच किळस आली.

त्या शुक्रवारी जेवायच्या आधीच मी सगळं सांगितलं. म्हटलं, रोग मी पसरवला, आचाऱ्याचा काही संबंध नाही.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. चाचा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘तुमचा काळीज मोठा, डॉक्टर. त्या गरिबाला वाचवायला सगळा आपल्या अंगावर घेताव.’’

मी वही दाखवली, ओरडलो, हात जोडले. आरोप केला तेव्हा माझा शब्द त्यांना क्षणात पटला होता. कबुली कुणाला खरी वाटेना. नवा आचारी ताटं वाढू लागला, आणि एकाने बाही वर केली.

बोटीच्या दिवशी मी धक्क्यावर गेलो. माझी कबुली आचाऱ्याच्याही कानावर गेली होती. इस्पितळाच्या कागदावर चिठ्ठी लिहून नेली होती: या माणसाला कोणताही रोग नाही. खाली सही, शिक्का. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवली.

‘‘परत वाचा,’’ तो म्हणाला.

मी परत वाचली. त्याने कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

‘‘चूक तुमची होती, ता ह्याच्यात नाय,’’ तो म्हणाला, आणि पेटी उचलून बोटीकडे चालू लागला.