विहीणबाई आणि चिमूटभर मीठ

आमच्या विहीणबाईंनी आयुष्यात एकही गोष्ट नुसती केली नाही. आधी ती करावी का, हे स्वतःला विचारलं, मग समोरच्याला विचारलं, आणि समोरचा वैतागून निघून गेल्यावर शांतपणे केली. म्हणजे माझ्या सुनेची आई. साताऱ्याला शाळेत भूमिती शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी ‘कशावरून?’ हा प्रश्न काही निवृत्त झाला नाही.

माझी आणि त्यांची खरी ओळख लग्नात झाली. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू. वरमाई होणार म्हणून महिनाभर आधीपासून नाकाला निराळाच कोन दिलेला. वरमाईनं एकदा तरी रुसायचं असतं, हे माझ्या सासूबाईंनी पढवलेलं होतं. त्याप्रमाणे पंगतीच्या ऐन वेळी, साडीचा काठ बारीक आहे एवढं निमित्त करून मी खोलीत जाऊन बसले. चार जणी समजूत घालून गेल्या. मी भिंतीकडे तोंड करून ठाम. बाहेर जिलब्यांचा वास, आणि पोटात सकाळपासून फक्त चहा. शेवटी विहीणबाई स्वतः आल्या, समोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “एक विचारू? तुम्ही खरंच रागावलायत, की रागवायची पद्धत आहे म्हणून?” त्या आवाजात टोमणा नव्हता. खरोखर माहिती हवी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “पद्धत आहे.” “मग जेवायला चला. पद्धत झाली.” मी गेले, आणि आडवा हात मारून जेवले. तो काठ बारीक नव्हता, हेही इथे सांगून टाकते.

पुढे त्या मुलीकडे, म्हणजे आमच्याकडे गाझियाबादला येऊन-जाऊन राहू लागल्या. त्यांना घेऊन बाजारात जाणं हा निराळाच अभ्यासक्रम होता. दिल्लीच्या सरोजिनी नगरात माझा दरारा होता. निम्म्याहून कमी भाव सांगायचा, तोंड वाकडं करायचं आणि “चलो, रहने दो” म्हणून पाठ फिरवायची, की पाठीमागून हाक येणारच. एकदा मी अशी ऐटीत पाठ फिरवून निघाले, चार पावलं गेले, हाक येईना. वळून बघते तर विहीणबाई दुकानदाराला समजावतायत, “ये वापस आएँगी, भैया. इनको बहुत पसंद है.” वर त्यालाच विचारलं, “इस भाव में आपका घर चलता है?” त्या माणसाला आजवर हे कुणी विचारलं नसावं. त्यानं स्टूल दिलं, चहा मागवला, बहिणीच्या लग्नापासून सगळं सांगितलं. कुर्ता मला पूर्ण भावात पडला. परतताना मेट्रोत मी फणफणत होते. समोर ज्येष्ठांच्या जागेवर एक तरुण गाढ झोपलेला. “उठवा ना त्याला,” मी म्हटलं. “आपला हक्क आहे, हे खरं,” त्या म्हणाल्या, “पण दमलेल्याला उठवून बसलं तर आपल्याला विश्रांती लागेल का?” या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत आमचं स्टेशन आलं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. पण मग त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मोठ्या मुक्कामाला आल्या, आणि पहिल्याच दिवशी माझी आमटी भुरकून म्हणाल्या, “यात मीठ दोनदा पडलंय.”

 मुलगा ताटात बघतोय, सून पाण्याचा जग शोधतेय. त्याआधी मला एक वाईट ताप येऊन गेला होता आणि नाकाबरोबर जिभेनंही माझी साथ सोडली होती. मीठ आणि साखर मला लांबच्या नातेवाइकांसारखे वाटायचे, ओळख होती पण नक्की कोण ते कळायचं नाही. तरी मी हातच्या अंदाजानं करत होते आणि घरात सगळे “मस्त झालंय, मम्मी” म्हणत होते.

“सगळ्यांना आवडतंय,” मी म्हटलं.

“ते तुमच्यावर माया करतात.”

“आणि तुम्ही नाही करत?”

“करते की. म्हणून सांगते. पुढच्या महिन्यापासून स्वयंपाकाला बाई ठेवायचं चाललंय. तुम्हाला आराम म्हणून.”

सून लाल झाली. “आई, यार, काय गरज होती?” मी उठले आणि खोलीत जाऊन बसले. या वेळी पद्धत म्हणून नाही. कुकरची पहिली शिट्टी या घरात माझ्या हातची होते. ती गेली तर सकाळी उठायचं कशाला, हे मला कुणी सांगेल का? दोन दिवस मी विहीणबाईंशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ओट्याशी गेले, तर त्या काठी टेकवून, हातात चमचा घेऊन उभ्या. “जीभ माझी, हात तुमचा. चालेल?”

बाई पुढं ढकलली गेली, पण अट पडली: गौरीचं जेवण मी नीट करून दाखवायचं. आता गौरीचा नैवेद्य आधी चाखत नाहीत. विहीणबाईंचा देवावर फारसा विश्वास नाही, मला वाटलं चोरून चाखतील. “छे. नियम तुमचा आहे, मी कसा मोडू?” त्याऐवजी त्यांनी मला आठवडाभर त्याच पातेल्यांत तेच पदार्थ करायला लावले, आणि माझी चिमूट कुठवर भरते ते निरखत बसल्या. “अंगठा थोडा मागे.” घरच्यांनी आठवडाभर कटाची आमटी खाल्ली. नात एकदा म्हणाली, “नानी, आज दाल फीकी है.” “रंग फिका असतो,” नानी म्हणाल्या. “आमटी अळणी असते.”

गौरी जेवल्या, आम्ही बसलो. पहिला घास घेऊन सगळे विहीणबाईंकडे बघत राहिले. त्यांनी आमटी भुरकली, थांबल्या, पुन्हा भुरकली. “आज बरोबर आहे.” आयुष्यभर मला पुष्कळांनी सुगरण म्हटलंय. त्यातलं हे एकच वाक्य मी ठेवून घेतलंय.

गेल्या थंडीत त्या साताऱ्याला परतल्या. थोरली बहीण अंथरुणाला खिळली, आणि आपली गरज कुठं जास्त, हा प्रश्न त्यांनी दोन दिवस माझ्याशीच चर्चून माझ्याकडूनच उत्तर काढून घेतलं. आता अधूनमधून फोन येतो. “मीठ कसं आहे?”

“सगळे छान म्हणतात.”

 “मग जपा,” त्या म्हणतात.

ओटा मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. अंगठा मागे घेते, चिमूट भरते, आणि विहीणबाई काठी टेकवून उभ्या असायच्या तिकडे बघते. परवा तिथे नात उभी होती, कॉलेजची बॅग खांद्यावर. तिनं न विचारता पळीभर आमटी भुरकली.

“छान?” मी विचारलं.

मुलानं बाहेरून डोळे वटारले. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अळणी आहे, आजी.”

मी चिमूट भरली, घातली आणि थांबले.

“अजून,” ती म्हणाली.