हातभर अपुरा तट्टा

माझे हात लांब आहेत. फुशारकी म्हणून सांगत नाही. त्या हातांनी माझी फजिती केली, म्हणून सांगतो.

आमच्याकडे बुरडाला काही विणायला सांगायचं तर आकडा सांगत नाहीत. माप घेतलेली दोरी धाडतात. दोरीला गाठ मारली की काम झालं. मग सूप असो की धानाची कणगी. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मात्र शिकलेला. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माझ्या हातानं मोजलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं : उंची सहा हात. बुरडानं चिठ्ठी कुणाकडून वाचून घेतली, आणि सहा हात मोजले ते स्वतःच्या हातानं. तो माणूस माझ्या खांद्याला लागत होता.

तट्टे हवे होते कचेरीसाठी. जमीनदारी नुकतीच गेली होती. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात, तळ्याच्या पाळीखाली, जमीनदाराची कचेरी रिकामी पडली होती. सागाचे खांब कवेत न मावणारे, वर वटवाघळं, खाली काळी फरशी. आमच्या आज्या-पणज्यांनी तिथं हात जोडून बसून बसून ती फरशी गुळगुळीत केली होती. गावानं ठरवलं, ही जागा आता सगळ्यांची. सकाळी शाळा, बाजाराच्या दिवशी दुकानं, लग्न असलं की वऱ्हाड, दिवाळीत दंडारीचा खेळ. एका दालनात एवढं सगळं मावायचं तर भिंती घालून कसं चालेल? म्हणून आढ्याला आकडे ठोकून बांबूचे तट्टे टांगायचे ठरले. हवे तेव्हा सोडायचे, नको तेव्हा गुंडाळायचे.

दोन महिने आम्ही तिथंच होतो. छपरावरचे कवेलू फेरले, मध्ये चार कवेलू काचेचे बसवले. त्यांतून उन्हाचे चार तुकडे फरशीवर पडत आणि दिवसभर सरकत राहत. मी खांबाला टेकून ते पाहत बसे आणि लोकांना वाटे, मी हिशेबानं विचार करतोय. बाहेर मोहाची फुलं वाळत घातलेली असत. त्या वासानं डोळे जड होत. ती कचेरी मग मला तळ्यातल्या डोंग्यासारखी वाटे, हळूच कुठंतरी निघालेली. अजूनही दुपारी डोळा लागला की मी तिथंच जाऊन पोचतो.

बायकोचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. ती चौथी शिकलेली. दुपारी तिला तिथं बायांना अक्षरं शिकवायची होती. पण दुपारी पंचांची बैठक असे, आणि बैठकीत मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गावात त्यांचा शब्द शेवटचा. येण्याआधी ते दुरूनच खाकरत, आणि ती खाकर ऐकली की गावातल्या साऱ्या सुना पदर ओढून आत जात. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, पण माझ्या बायकोचा आवाज त्यांनी एकदाही ऐकला नव्हता. त्यांनी परवानगी दिली, ती एका अटीवर. आडोसा पुरा पाहिजे. बाईमाणूस दिसता कामा नये. नाही जमलं तर बायांनी घरी बसावं.

आणि मी तट्टे टांगले, तर खाली हातभर फट. बैठक फरशीवर बसणार, म्हणजे पलीकडच्या बायांचे पाय नेमके नजरेसमोर. बायको फटीकडे पाहत राहिली. मग माझ्या हातांकडे.

"दोरी काऊन नाई धाडली?" तिनं हळूच विचारलं.

पळसाच्या मुळ्यांची दोरी आणून मी आढ्यावर चढलो आणि तट्टे खाली सोडले. खालची फट बुजली, वरची उघडी पडली. दिसणार काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येणार होतं. मोठेबाबा आले, खाकरले, तट्ट्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आपल्या जागी बसले. पाण्याचा लोटा त्यांच्या शेजारी होता.

पलीकडून बायकोचा आवाज आला. आधी चिरका, मग सरळ. फळा अजून आला नव्हता, म्हणून ती अक्षरं बोलूनच दाखवत होती. वर रेघ, खाली दांडी, तिला मडकं : ठ. वर रेघ, खाली मासोळीचा गळ : ट. बायांनी एकसुरात म्हटलं. तळ्यातल्या मासोळीच्या वाटणीबद्दल पंच बोलत होते, पण हळूहळू ते गप्प झाले. मोठेबाबांनी लोट्यात बोट बुडवलं आणि तोंड दुसरीकडे ठेवून फरशीवर काहीतरी ओढलं. मडकं. मग गळ. एकेक अक्षर जमलं की मोठेबाबा खाकरत, आणि उन्हाच्या तुकड्यात ते अक्षर वाळून जाई. मी पंचांच्या मागे बसून पाहत होतो. ते उठले असते तर सगळंच उठलं असतं.

ढ आला. गळाच्या पोटात गाठ, पलीकडून सांगणं झालं. मोठेबाबांनी गळ काढला आणि बोट तिथंच थांबलं. पलीकडे तेच पुन्हा. गळाच्या पोटात गाठ. आणि पुन्हा, आणखी सावकाश. तिसऱ्यांदा त्यांच्या बोटानं आत पाण्याचा थेंब टेकवला. ते खाकरले. वर्ग पुढं गेला.

बैठक उठल्यावर मी पुढं झालो. म्हटलं, वरची फट मी उद्याच बुरडाकडून बुजवून घेतो, चूक माझी आहे.

"राहू दे," मोठेबाबा म्हणाले. "हवा येते."

आणि काठी टेकत निघून गेले. फरशीवर एक ढ अजून ओला होता.

संध्याकाळी बायको तांदूळ निवडत बसली होती. परवानगी टिकली या आनंदात मला चेष्टा सुचली. म्हटलं, तुझ्या वर्गात एखादी बाई भारीच मंद दिसते. एका ढसाठी तीनदा तेच सांगावं लागलं.

तिनं मान वर केली नाही.

"बायांले तं पहिल्याच खेपेले जमलं," ती म्हणाली. "पण पलीकडून खाकर आली नव्हती नं. थे आल्याबिगर पुढं कशी जाऊ?"