टिचकी मारून घेतलेलं सागवान

आमच्याकडे माठ असो की टरबूज, टिचकी मारल्याशिवाय कोणी घेत नाही. माठ खणखणीत वाजला की चांगला. एवढं एकच ज्ञान घेऊन मी धुळ्याच्या लाकडाच्या वखारीत स्पीकरच्या खोक्यांसाठी लाकूड निवडायला गेलो होतो.

तेव्हा बदली होऊन मी धुळ्याला एका खोलीत राहत होतो. बायको-मुलं जळगावला, शाळांमुळे. एसटीनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी, त्यामुळे माझ्या एकटेपणाची कोणाला दया यायची नाही. सुरुवातीला दर शनिवारी जायचो. मग ऑफिसची कामं निघाली, मुलांचे क्लास निघाले, आणि महिन्यातून एकदा जाऊ लागलो. एकदा गेलो तर माझ्या शर्टाच्या खुंटीवर दप्तर टांगलेलं होतं.

यावर मी उपाय काढला. घरच्या सगळ्यांनी बोलून कॅसेट भरायची आणि ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायची. पण माझ्या छोट्या टेपमधून बायकोचा आवाज डबीत कोंडलेल्या माशीसारखा यायचा. तेव्हा ठरवलं, मोठे स्पीकर करायचे आणि घर खोलीभर ऐकायचं.

वखारीत लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाला टिचकी मारली, धप्प वाजला. नापास. सागवानाची फळी मात्र घंटेसारखी बोलली. सोबत नेलेला सुतार मिस्त्रीही खूश. बोर्डाकडे बघून म्हणाला, "भाऊ, हाऊ ते भुसा शे." त्यानं सागवान रंध्यानं तासून चांगलं पातळ केलं, पॉलिश मारलं. खोकी इतकी देखणी झाली की शेजारचे आबा देव्हारा समजून चपला बाहेर काढून आत आले.

घरी हा किस्सा मी इथवरच सांगतो.

कॅसेट लावली, तर बायको धान्याच्या रिकाम्या कणगीत उतरून बोलत होती. "इकडे सगळं बरं आहे" यातलं 'बरं' तेवढं भिंतीभर घुमलं. टिचकीला वाजणारं लाकूड आवाजालाही वाजत होतं. स्पीकर बोलला की खोकंही मध्ये बोलायचं. इथे मुकं लाकूड लागतं, हे माठानं मला शिकवलंच नव्हतं.

मिस्त्रीची समजूत घालून जाड पार्टिकल बोर्डाची दुसरी खोकी करून घेतली. दिसायला रेशन दुकानातल्या पेट्या. स्पीकर त्यांत बसवले, तीच कॅसेट लावली आणि घर खरंच खोलीत आलं. कुकरची शिट्टी, आमच्या पंख्याची कुरकुर, बोलण्याआधी बायकोचं खाकरणं. मी डोळे मिटून ऐकत होतो. तेवढ्यात तिच्या बोलण्यामागून मुलीचा दबका आवाज आला.

"आई, मी पण बोलायचं का? काय बोलू पण?"

"बोल गं काहीतरी. बाबांना बरं वाटतं."

मग मुलगी मोठ्यानं म्हणाली, "बाबा, तुमची खूप आठवण येते."

हे शेवटचं वाक्य मी सागवानातून अनेकदा ऐकलं होतं. त्याच्या आधीचं कधीच ऐकू आलं नव्हतं.

टेप बंद केला. कपभर चहा केला, प्यायलो. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन स्पीकर काढले आणि परत सागवानात बसवले. कॅसेट पहिल्यापासून लावली. कणगीतून बायको सांगू लागली की इकडे सगळं बरं आहे.

"इकडेही," मी म्हटलं, आणि आवाज थोडा वाढवला.