बाईसाहेबांचं झाड

१२ फेब्रुवारी, मंगळवार. दूध नासलं, सगळ्यांनी कोरा चहा घेतला. नळ दुरुस्त करणारा आजही आला नाही. लेक सकाळी लवकर गेली, काकांशी बोलली नाही. थोड्या वेळानं भाऊजी गेले. दोघांनाही हत्तीखान्यातच जायचं होतं, तिथं आज चौकशी कमिटी येणार आहे. पण गेली वेगवेगळ्या बसनं.

वहिनींनी एवढं लिहून डायरी मिटली, तेव्हा त्यांचे धाकटे दीर बसच्या खिडकीशी बसून एकच वाक्य मनात घोळवत होते. ते झाड माझं आहे. कधी ते वाक्य करारी आवाजात म्हणून बघत, कधी सहज, जणू आत्ताच आठवलं अशा थाटात. त्यांचे ओठ हलताना पाहून शेजारचा प्रवासी जरा सरकून बसला.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. उभी हयात मुलांच्या शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात गेली. लग्न केलं नाही. भावाच्या घरी वरच्या खोलीत राहिले आणि भाऊ गेल्यावरही तिथंच राहिले. शाळेत त्यांची ख्याती चित्रांपेक्षा कान पिळण्याबद्दल होती. रेघ वाकडी गेली की कान, रंग बाहेर सांडला की कान. आता पोट सुटलेले, टक्कल पडलेले त्यांचे विद्यार्थी बाजारात मास्तर दिसले की नकळत कानाकडे हात नेत, आणि मास्तर तो नमस्कार समजून मान डोलवत.

स्वतःची चित्रंही ते काढत आणि दरवर्षी एक प्रदर्शनाला पाठवत. ते दरवर्षी परत येई, आणि मास्तरांनी बांधलं होतं त्याहून नीट बांधून येई. नकारापेक्षा त्या नेटक्या गाठींचाच त्यांना जास्त राग.

निवृत्त झाल्यावर हत्तीखान्याच्या मालकानं त्यांना बोलावणं धाडलं. त्याच्याकडची हत्तीण पूर्वी लाकडाचे ओंडके ओढायची. ते काम बंद पडल्यावर मालकानं तिच्या सोंडेत ब्रश दिला आणि समोर तिकीट काढून माणसं बसवली. हत्तीण कागदावर रंगाचे फराटे मारायची. लोक टाळ्या वाजवत, पण विकत घेताना विचारत, हे आहे काय? मालकाला असं चित्र हवं होतं की लांबून बघणाऱ्यालाही त्याचं नाव सांगता यावं.

मास्तरांनी झाड निवडलं. सरळ झाड कुणीही काढतं, म्हणून खोडाला कमरेत हलकासा बाक दिला, जणू झाडानं अंग चोरून कुणाला तरी वाट करून दिली आहे. एका बाजूला फांदी, वर पानांचे ठिपके. असं झाड त्यांना आयुष्यात पहिल्यांदा साधलं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही कळत होतं.

हत्तिणीला झाड समजायची गरज नव्हती. माहूत तिच्या डोक्याशी उभा राहून तिचा कान धरायचा. कान खाली ओढला की ब्रश खाली, वर ओढला की वर, चिमटा काढला की ठिपका. म्हणजे शिकवायचं होतं ते माहुताला, आणि त्याला कागदावरची आकृती काही केल्या लक्षात राहीना. शेवटी मास्तरांनीच तोड काढली. ब्रश स्वतःच्या हातात घेतला आणि त्याला म्हणाले, माझा कान धर. प्रेक्षक निघून गेले की त्या पत्र्याच्या शेडमध्ये माहूत मास्तरांचा कान ओढायचा आणि मास्तर झाड काढायचे. माहूतही त्यांच्याच शाळेतला. त्याला हे काम मनापासून आवडलं होतं.

हत्तिणीचं आणि मास्तरांचं मात्र पहिल्या दिवसापासून बिनसलं. तिनं एकदा सोंडेतलं पाणी नेमकं त्यांच्या रंगपेटीवर सोडलं, आणि मास्तर चिडून म्हणाले, आल्या मोठ्या बाईसाहेब. मालकाला ते नाव आवडलं. त्यानं ते पाटीवर रंगवून घेतलं. पुढे मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलनं सगळ्यांत मोठं झाड विकत घेऊन काउंटरच्या मागे टांगलं, आणि खाली पितळी पट्टी लावली. चित्रकार, बाईसाहेब. मास्तर अधूनमधून त्या हॉटेलात जाऊन चित्रासमोर उभे राहत. दरवान विचारायचा, कुणाची वाट बघताय का? त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पट्टीवर आपलंही नाव घाला, बारीक अक्षरात चालेल, असं त्यांनी मालकाला सांगून पाहिलं. मालक हसला. "मास्तर, माणसानं काढलेलं झाड कोण घेतं हो?" आणि कमिटी येणार हे कळल्यावर त्यानं बजावलं की विचारलंच कुणी, तर तुम्ही रंग कालवता, बस्स.

ही कमिटी घरातूनच आली होती. वहिनींची लेक प्राण्यांचं भलं बघणाऱ्या एका संस्थेत काम करायची आणि तक्रार तिनंच केली होती. त्यावरून आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात काका-पुतणीची चांगलीच जुंपली. तिचं म्हणणं, माहुताच्या मुठीत खिळा असतो, त्याशिवाय एवढं धूड कानाच्या ओढीनं हलत नाही. मास्तर म्हणाले, मी रोज तिथं असतो, मला नाही दिसला खिळा. हे खरं होतं. खेळाच्या वेळी माहुताच्या बोटाला पट्टी असते आणि हत्तिणीच्या कानामागे खपल्या आहेत, एवढं त्यांना दिसलं होतं. पण पट्टी म्हणजे जखम आणि खपल्या म्हणजे माश्या, असं म्हणून त्यांनी तिकडे कानाडोळा केला होता. मालकाची बाजूही त्यांनी मांडून पाहिली. चित्रं बंद केली तर तिला खायला कोण घालणार, तुझी संस्था? पुतणी म्हणाली, घालू. मास्तर म्हणाले, चार दिवस घालाल आणि पत्रकं वाटत सुटाल.

"हत्ती झाड काढत नाही काका. झाड खातो."

"तू लहानपणी काढायचीस ती तरी झाडं कुठं होती? केरसुण्या होत्या."

वहिनींनी ताटं मांडत सांगितलं की आधी जेवा आणि मग भांडा, पोळ्या गार होतायत. दोघं जेवली. त्यानंतर मात्र एकमेकांशी भांडलीसुद्धा नाहीत.

मास्तर शेडमध्ये पोचले तेव्हा कमिटी खुर्च्यांवर बसली होती: मधे अध्यक्षबाई, एका बाजूला जनावरांचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा कारकून. पुतणी एका कोपऱ्यात उभी होती. मागे नेहमीचे प्रेक्षक होते, कारण मालकानं तिकीटविक्री बंद ठेवली नव्हती. मास्तरांना त्यानं रंगांच्या डब्यांपाशी बसवलं.

बाईसाहेबांनी झाड काढलं. माहूत तिच्या कानाला बिलगून उभा होता, लांबून तो तिला कुरवाळतोय असं वाटावं. खोड आलं, बाक आला, फांदी आली. ठिपके पडायला लागले तशा टाळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पाय तपासले, नखं तपासली, ठीक आहे म्हणाले. ते कानाकडे वळणार तेवढ्यात मालकानं चहाचा ट्रे पुढे केला. अध्यक्षबाई झाडाकडे बघतच राहिल्या होत्या. त्या शेजारच्यांना म्हणाल्या की छळ होत असता तर जनावरानं इतकं शांतपणे काढलं असतं का? आणि मग, कौतुकानं, "खोडाला बाक काय सुरेख दिलाय. हे काही शिकवून येत नाही."

पुतणीचा चेहरा उतरला. तक्रार निकालात निघाल्यातच जमा होती. पण मास्तरांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते उठून उभे राहिले होते.

"शिकवूनच आलंय बाई. तो बाक माझा आहे."

अध्यक्षबाईंनी हे कोण, म्हणून मालकाकडे पाहिलं. मालक म्हणाला, रंग कालवणारे मास्तर आहेत. हत्तिणीचं नाव झालं ते त्यांना जरा बघवत नाही. खुर्च्यांमध्ये खसखस पिकली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जाडजूड इसम ओरडला, "सर, तुमचा बाक आम्हाला चांगला माहिताय. निम्मी शाळा त्यावर उभी राहून काढली."

आता मात्र शेडभर हशा उठला. कारकूनही हसला. मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी कोरा कागद बोर्डाला लावला, ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि माहुताला म्हणाले, "ये. धर कान."

माहूत जागचा हलला नाही. "नको मास्तर. आत्ता नको."

"आत्ता का नको?"

माहुतानं मालकाकडे पाहिलं. मालक अजून हसण्याच्याच भरात होता. म्हणाला, धर रे, होऊ दे त्यांच्या मनासारखं. माहुतानं हात पुढे केला आणि अर्ध्यावरच थांबवला. मास्तरांना वाटलं, हाही मालकाला घाबरतोय. त्यांनी त्याचं मनगट पकडून हात स्वतःच्या कानाशी नेला, ब्रश कागदाच्या वरच्या टोकाला टेकवला, आणि रोजच्या सवयीनं पहिली लांब रेघ ओढायला खाली वाकले.

माहूत काहीच करत नव्हता, हे नंतर सगळ्यांनी मान्य केलं. त्यानं हात स्थिर धरला होता. मास्तरच स्वतःच्या वजनानिशी खाली गेले. कानामागे आग उसळली, ब्रश कागदावरून तिरपा घसरत गेला, आणि मान ओली झाल्याचं त्यांना जाणवलं. माहुतानं हात झटकन मागे घेतला. बोटावरची पट्टी सरकली होती आणि तिच्यातून खिळ्याचं टोक बाहेर आलं होतं.

पुतणी धावत आली. मास्तरांना वाटलं, आपल्याकडे येतेय. तिनं माहुताचं मनगट पकडलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

त्यानंतर मास्तरांकडे कुणी बघितलं नाही. डॉक्टरांनी हत्तिणीचा कान उलटा केला. मागे भोकांची रांगच्या रांग होती, काही जुनी, काही ओली. अध्यक्षबाई खाली मान घालून परत खुर्चीत बसल्या. प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागू लागले. मालक माहुतावर खेकसला, माहूत मालकावर उलटला, आणि मग मास्तरांकडे वळून म्हणाला, "मी नको म्हटलं होतं. आणि रेघ थरथरते, रेघ थरथरते म्हणून रोज माझ्या नावानं कोण ओरडायचं?"

मास्तरांनी कानाला रुमाल लावला. ते कारकुनापाशी गेले आणि त्याला विचारलं, बाक माझा आहे, हे लिहिलंत ना? कारकुनानं मान वर न करता विचारलं, कान कुठला? डावा, मास्तर म्हणाले. कारकुनानं तेवढंच लिहिलं. मग पुरावा म्हणून बोर्डावरचा कागद काढून घेतला, उलटा केला, त्यांचं पूर्ण नाव विचारलं आणि कागदाच्या मागे घातलं. नावाच्या पुढे लिहिलं, जखमी.

चित्रांचा खेळ त्याच दिवशी बंद झाला. हत्तिणीला उपचारासाठी जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात न्यायचं ठरलं, पुढचं पुढे. फाटकापाशी मालकानं मास्तरांना गाठलं. म्हणाला, आता काढा झाडं, भिंती भरून काढा, कोण घेतं बघू.

मास्तर दुपारी एकटेच घरी आले. वहिनींनी काही न विचारता जखम धुतली, औषध लावलं. ते वर जाऊन पडून राहिले. संध्याकाळी पुतणी आली ती चपलांसकट जिना चढून त्यांच्या दारात उभी राहिली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत का, म्हणून तिनं विचारलं.

"तुझ्या बाईसाहेबांना दिलंस का आधी?"

"दिलं."

मग तिनं सांगितलं की हॉटेलवाल्यांना बातमी लागली, त्यांनी चित्र उतरवून सामानाच्या खोलीत टाकलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते, ते तसेच राहिले. ती म्हणाली, "काका, मी तुमच्या चित्राविरुद्ध तक्रार केली नव्हती."

"केली असतीस तर बरं झालं असतं. निदान कुणी त्याच्याकडे नीट पाहिलं असतं."

ती खाली गेली. त्यांचं जेवण वहिनींनी वर नेऊन ठेवलं आणि रिकामं ताट परत आणलं. मग डायरी उघडून तारखेखाली उरलेल्या जागेत लिहिलं:

भाऊजींच्या उशीचा अभ्रा बदलला. जुना थंड पाण्यात भिजत घातला आहे. गरम पाण्यानं डाग पक्का बसतो.