एकाच जागी टोचलेली सुई

खर्ड्याजवळच्या आमच्या वाडीत विजयमालाबाई नर्स म्हणून आल्या, त्याला अकरा वर्षं झाली. बोलायला फटकळ, पण हात इतका हलका की सुई टोचलेली पोरांना कळतही नाही. माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो माझ्या सासूबाईंमुळे, छबूबाईंमुळे.

सासूबाईंना शुगर. रोज दोनदा इन्सुलिन, तरी आकडा तीनशेच्या खाली येईना. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चाललेली. नगरच्या डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवला, आणि महिनाभरात फरक पडला नाही तर अंगठा काढावा लागेल म्हणाले. माझी खात्रीच होती, म्हातारी चोरून गूळ खाते. डबे माळ्यावर टाकले, चारचौघांत नाही नाही ते बोलले. त्या बिचाऱ्या शपथा घ्यायच्या. मी कसली ऐकते!

विजयमालाबाईंपुढेही मी तेच गाऱ्हाणं लावलं. त्यांनी मला गप्प केलं, दार लोटलं आणि सासूबाईंना विचारलं, सुई कुठं टोचता? सासूबाई नऊवारीतल्या. मांडीवर टोचायचं तर कासोटा सोडावा लागतो, भरल्या घरात ते कसं जमावं? म्हणून चार वर्षं कमरेच्या डाव्या बाजूला, लुगडं जरा खाली सारून, त्याच बोटभर जागेत. तिथं आता दुखतही नाही, म्हणून त्या खूशच होत्या.

बाईंनी तिथं बोटं फिरवली, मग माझा हात धरून तिथं ठेवला. कातडीखाली लिंबाएवढी टणक गाठ! कातडीखालच्या चरबीतून औषध हळूहळू रक्तात जातं, त्या म्हणाल्या. एकाच जागी टोचत राहिलं की चरबीची गाठ होते आणि औषध नीट पोचतच नाही. चांगल्या जागी हाच वाढवलेला डोस दिला तर शुगर एकदम उतरेल, म्हणून तिथूनच डॉक्टरांना फोन लावून तो कमी करून घेतला. मग पंधरा दिवस रोज सकाळी स्कूटीवर आल्या. दाराला कडी, लुगडं सैल, आणि पोटावर रोज नवी जागा. कोण करतं हो एवढं?

महिन्यानं शुगर दीडशेवर आली. जखम भरत आली, अंगठा वाचला.

सासूबाईंनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "समद्यांनी माझ्या जिभेवर संशय घेतला, बाई. तुमी एकट्यांनीच हात लावून बघितलं."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली बसले आणि तो अंगठा सांभाळून त्यांचे पाय धरले.