दोन्ही शिंगं मावतील अशी लेन्स

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर रोज सकाळी पेला हातात आला, की पहिला घोट घेण्याआधी सयाजी समोरची एखादी वस्तू निवडायचा आणि तिचं अंतर मोठ्यानं सांगायचा. "तो विजेचा खांब. अकरा फूट." मग पेला कठड्यावर ठेवायचा, खिशातली स्टीलची टेप काढायचा आणि खांबापर्यंत जाऊन मोजून यायचा. साडेदहा. स्वतःवरच नाराज होऊन मान हलवायचा. तोवर दुधावरचा फेस बसलेला असायचा.

कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून दूध देणाऱ्या गवळ्यांना आधी हे वेड वाटलं, मग करमणूक झाली.

"रस्ता रुंद करायला आलाईस व्हय रं?" धारेवरून मान न उचलता केरबा गवळी ओरडायचा. "आधी माझ्या पोटाचं माप घे, तेबी रस्त्यात येतंय."

"पोट दोन फूट, मामा. नजरंनंच सांगतो."

सयाजी शेहेचाळीस वर्षांचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, ओतून आलेले भाग मापात आहेत का ते तपासायचं काम. बावीस वर्षं तेच. सुट्टीच्या दिवशी मात्र गळ्यात कॅमेरा. जुना, कोपरे घासून पांढरे पडलेला, त्याच्याबरोबरच मिळालेल्या एकुलत्या एका लेन्सचा. त्या लेन्सबद्दल सयाजीची एकच तक्रार होती. ती कोल्हापूरच्या गल्ल्यांसाठी बनलेली नव्हती. समोरचं सगळं चौकटीत घ्यायचं तर मागं सरावं लागे, आणि दोन पावलं सरलं की पाठ कुणाच्या तरी भिंतीला किंवा धुणं धुवायच्या दगडाला लागे.

सहा महिने तो अतिरुंद कोनाच्या लेन्सबद्दल वाचत होता. नावाजलेल्या कंपन्यांच्या किमती बघून मोबाइल उलटा ठेवत होता. शेवटी गणपतीनंतर एक स्वस्तातली सापडली. कारखान्यातली पोरं मोबाइलला जेवढे घालतात, त्याच्या निम्म्यात. तिच्यात मोटर नाही, तार नाही, काही आपोआप होणं नाही. अंतर आपणच ओळखायचं आणि कडं हातानं फिरवायचं. पण अख्खी धातूची, तळहातावर वजन लागणारी आणि पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी फुगलेली. सयाजीनं ते कडं पहिल्यांदा फिरवलं तेव्हा ते लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं, आणि त्याला एकट्यालाच हसू आलं.

लेन्स कॅमेऱ्यावर चढवली आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पडद्यावर आलं, लेन्स जोडलेली नाही.

बायको शालन चुलीपुढची, म्हणजे गॅसपुढची, उठून बघायला आली. "फसवलं की तुमास्नी!"

"फसवलं न्हाय गं. कॅमेऱ्याला कळंना झालंय. तिच्यात तारच न्हाय, मग ह्याला वाटतंय तोंडावर कायच न्हाय."

"मग सांगा की त्याला."

तासभर तो कॅमेऱ्याच्या याद्या चाळत होता. अगदी शेवटच्या पानावर, खालून तिसरी ओळ सापडली. लेन्स नसली तरी फोटो काढू दे. त्यानं 'हो' केलं. खट्ट!

एका फोटोत अख्खं स्वयंपाकघर आलं होतं. गॅस, मांडणी, पिठाचे डबे, शालन, खिडकी, खिडकीपलीकडची शेजाऱ्यांची गच्ची, आणि खाली सयाजीच्या स्वतःच्या दोन पायांचे अंगठे. ज्या खोलीत दोन माणसांना एकमेकांना वाट द्यावी लागे, ती मंगल कार्यालयाएवढी दिसत होती. "अगं बाई," शालन म्हणाली, "एवढं मोठं घर हाय व्हय आपलं?"

त्या रात्री त्यानं मोरीसुद्धा सोडली नाही.

सयाजीची आई, आक्का, दुसऱ्या दिवशी नव्या साडीत बसली. फोटोत ती कडेला आली आणि तिचं तोंड भोपळ्याएवढं रुंद झालं. "मला फुगीवलंस," आक्का म्हणाली, "आणि शाली बरी मधोमध नेटकी आली!" त्यावरून घरात दोन दिवस थट्टा चालली. सयाजीला मात्र त्यातून कामाची गोष्ट कळली. ओतलेला धातू निवताना आटतो, म्हणून फाउंड्रीत साचा थोडा मोठाच करतात. तसाच या लेन्सचाही हिशेब होता. मध्ये ठेवाल ते खरं, कडेला जाईल ते ताणलेलं. अंतर ओळखायचा रियाज कट्ट्यावर सुरू झाला तो तेव्हापासून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी केरबानं पेला त्याच्या हातात दिला आणि नेहमीसारखी थट्टा केली नाही.

"दिवाळी झाली की मोगरी चालली," तो म्हणाला. "चारी म्हशी चालल्या. राधानगरीकडं, भणीच्या रानात. गल्लीत आता म्हशीला जागा न्हाय म्हणत्यात, गाड्या लावायच्यात."

मोगरी ही केरबाची सर्वांत जुनी म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरातले गवळी म्हशी सजवून गल्लीतून पळवतात. पुढं मालक मोटारसायकलवर, सायलेन्सर काढलेला, तोंडानं हाक. आणि त्या हाकेमागं दावं-वेसण काही नसताना धावणारी म्हैस. मोगरी अकरा पाडवे पळाली होती. तिची शिंगं डोक्यापासून दोन्ही अंगांना इतकी लांब गेली होती, की गोठ्याच्या दारातून येताना ती मान तिरकी करून एक शिंग आधी बाहेर काढायची, मग दुसरं.

"घरात तिचं नऊ फोटू हायत," केरबा म्हणाला. "लोकांनी काढून दिल्यालं. एकात तरी दोन्ही शिंगं असावीत? एक शिंग रंकाळ्यात, दुसरं पंचगंगंत! आठ फुटाची गल्ली. जवळनं काढावं तर शिंग तुटतंय, लांबनं काढावं तर मधी शंभर टकुरी. औंदा शेवटचा पाडवा. मला ती पायजे. अख्खी. आणि तिच्यासंगं मी."

"दोन्ही शिंगं येतील, मामा," सयाजी म्हणाला. "टोकासकट."

शब्द तोंडातून गेला तसा त्याचा हात खिशातल्या टेपकडं गेला. जणू ती लेन्स आजवर याच कामासाठी त्याची वाट बघत थांबली होती.

रविवारी तालीम झाली. केरबा मोटारसायकलवर, मागं मोगरी, आणि पुढं रस्त्यात गुडघे टेकून सयाजी. फोटोत दोन्ही शिंगं आली. पण गाडीचा दिवा हंड्याएवढा, केरबाचा गुडघा कलिंगडाएवढा, आणि त्यांच्या पाठीमागं, कुठल्या कुठं, काळं काहीतरी.

केरबानं पडद्यावर बोट ठेवलं. "ही शेळी कुणाची?"

सयाजी बाहीनं पडदा पुसत राहिला.

"सयाजी, माझ्या बापानं म्हशी राखल्या, मी म्हशी राखतो. शेळ्या आमच्याकडं न्हाईत."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर पेला भरून आला, पण टोमणा आला नाही. रिकाम्या पोटी टोमणा खाल्ल्याशिवाय प्यालेलं ते दूध सयाजीला पाण्यासारखं लागलं. दिवसभर कामावर तो भाग उचलायचा, डोळ्याजवळ न्यायचा, लांब धरायचा. दुपारी डबा उघडता उघडता त्याला कळलं. ही लेन्स जवळच्याला मोठं करते आणि चार पावलं मागं असलेल्याला पार हाकलून देते. म्हणजे सगळ्यांत जवळ मोगरीच हवी. दोन-अडीच फुटांवर. आणि केरबा तिच्या पुढं नाही, तिच्या खांद्याला खांदा लावून. डबा तसाच झाकून तो पाळी सुटायची वाट बघत बसला.

संध्याकाळी त्यानं ते सांगितलं तेव्हा केरबा खदाखदा हसला. "अरं शाण्या, मी बाजूला ऱ्हायलो तर ती जागची हलायची न्हाय. ती माझ्या हाकंमागं पळत्या. फुडनं हाक कोण देणार? तुझी लेन्स?"

"मी देतो."

केरबाचा मुलगा राजवीर वैरण टाकत होता. तो पाटी खाली ठेवून सयाजीकडं बघत राहिला. "काका, ती मला ओळख देत न्हाय. मी ह्या घरात जन्मलोय."

"मग तू गाडी चालीव," केरबा म्हणाला, आणि सयाजीकडं वळून, "उद्या पाचला ये. पेंडंची पाटी तू ठेवायची."

त्यानंतरचे एकोणीस दिवस सयाजी पहिल्या पाळीला जाण्याआधी गोठ्यात हजर असायचा. पहिले चार दिवस मोगरीनं पेंडीकडं पाहून फुरफुर केली आणि तोंड फिरवलं. केरबा हाक शिकवत होता. "गळ्यातनं नको रं. गळ्यातनं कोंबडं वरडतंय. बेंबीतनं काढ. हुर्रर्र… मोगरेऽ!" सयाजी घरी न्हाणीघरात हाकेचा सराव करायचा.

"मला कधी एवढ्या मायेनं हाक मारली न्हाईसा," शालन बाहेरून म्हणायची.

"तू एवढी लांबनं येतीस कुठं?"

आठव्या दिवशी मोगरीनं पेंड खाल्ली. बाराव्या दिवशी त्याच्या मनगटावरचा घाम चाटला. खरखरीत जीभ, कानस फिरवल्यासारखी. सतराव्या दिवशी केरबा बाजूला गप्प उभा असताना सयाजीनं हाक दिली, आणि मोगरी त्याच्या दिशेनं दोन पावलं आली. दोनच. त्या दोन पावलांवर सयाजी दिवसभर कारखान्यात शीळ घालत फिरला.

पाडव्याला दुपार टळताना गल्ली भरली. माड्यांवर बायका, कठड्यांवर पोरं, खाली हलगी. मोगरीच्या अंगावरचे केस भादरून वेलबुट्टी काढलेली, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मोरपिसांचा तुरा. शिंगं लालभडक रंगवलेली. केरबा पांढऱ्या कपड्यांत, गुलाबी फेट्यात आणि अनवाणी. बासष्टाव्या वर्षी तो तिच्याबरोबर पायी पळणार होता. त्यानं हात तिच्या शिंगाच्या बुडाशी ठेवला होता.

वीस पावलं पुढं राजवीरची मोटारसायकल फटफटत होती. तिच्यावर मागं तोंड करून सयाजी. पडू नये म्हणून शालननं तिचं जुनं लुगडं दोघांच्या कमरेला बांधून गाठ मारली होती. लेन्सचं कडं अडीच फुटांवर फिरवून त्यावर चिकटपट्टी लावलेली.

त्यानं हाक दिली. हलगीत ती बुडाली. मोगरीनं केरबाकडं बघितलं. केरबा समोर बघत राहिला, ओठ मिटून.

दुसऱ्या हाकेला आवाज फाटला. माडीवरून कुणीतरी ओरडलं, "ओ फोटूवालं, दूध पिऊन या!" गल्ली हसली. केरबाचा चेहरा तेवढ्या अंतरावरूनही पडलेला दिसला. मोगरीचा शेवटचा पाडवा, आणि ती उभी.

सयाजीनं कॅमेरा खाली घेतला. गल्ली, हलगी, लोक, सगळं विसरून त्यानं फक्त तिच्याकडं पाहिलं. गोठ्यात पाटी ठेवताना बघायचा तसं.

"हुर्रर्र… मोगरेऽऽ!"

तिचा एक कान फिरला. मग डोकं खाली गेलं, आणि ती निघाली.

"आली! आली रं, सोड गाडी!"

गाडीनं झेप घेतली. सयाजीनं कॅमेरा डोळ्याला लावला. आत मोगरी अजून लांब होती, छोटी, शांत. मग मोठी. मग दोन्ही भिंती आत वाकल्या, माड्या झुकल्या, आणि मधोमध तिचं कपाळ आलं. खट्ट, खट्ट, खट्ट. कवड्यांचा आवाज अंगावर आला. काचेवर वाफ धरली आणि उडाली. त्यानं क्षणभर डोळा वर काढला, तर तिचं ओलं नाक त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होतं.

"काका, जवळ आली काय? वाढवू?"

"वाढीव! न्हाय न्हाय, वाढवू नकोस! हितंच! हितंच ठेव!"

तो ओरडत होता, हसत होता, बटण दाबत होता. केरबा तिच्या खांद्याशी धावत होता, फेट्याचा शेमला मागं उडत होता. हाक देणारे आता दोघं होते. सयाजी पुढून आणि केरबा बाजूनं, एकच हाक.

गल्ली संपली तिथं गाडी थांबली. मोगरी थांबली. केरबा गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि तसाच वर बघत म्हणाला, "दाव."

त्रेचाळीस फोटो होते. बरेच हललेले, काहींत नुसतं आकाश. एकोणतिसाव्यापाशी सयाजी थांबला. मोगरी चौकट भरून आली होती. लाल शिंगं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, टोकासकट. तिच्या शेजारी तोंड उघडलेला केरबा, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले. मागं गोठ्याचं दार, दारावरचं तोरण, वर वाकलेल्या बायका आणि सगळ्यांवर आभाळाची एक पट्टी.

कुणी काही बोलण्याआधी सयाजीतला तपासनीस बोलला. "मामा, एक सांगतो. कडंला आलं की ही लेन्स ताणत्या. शिंगं हायत त्यापेक्षा वीतभर लांब आल्यात."

केरबानं कॅमेरा नाकाजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग लांब धरून बघितलं.

"लांब कुठं आल्यात?" तो म्हणाला. "एवढीच हायत की. मला रोज एवढीच दिसत्यात."

राजवीरनं बापाच्या खांद्यावरून मान घातली. मग माणसं लोटली. दावा की, मला दावा की, व्हय रं, अख्खी आल्या, दोन्ही आल्यात! कॅमेरा या हातातून त्या हातात चालला. सयाजीनं तो जाऊ दिला. कमरेची गाठ सोडत तो मागं वळला. मोगरी भिंतीकडेला उभी होती, कुशी भात्यासारख्या हलत होत्या आणि तोंडाला फेस आला होता.

"फोटू कुठं पळून चाललाय व्हय," तो म्हणाला. "आधी हिला पाणी दाखवा की कुणीतरी."