आजोळी जन्मलेला उमेदवार

आमच्या घरात तेव्हा एकच शेरवानी होती, आणि तीही आमची नव्हती. भूमकडच्या माळावर मेंढरं राखणारं आमचं घर. अंगावर घोंगडी आणि ताटात हुलग्याचं माडगं. पाऊस हुकला की आजोबा कळप घेऊन घाट उतरायचे, निजामाचा नाका ओलांडून बार्शीच्या अंगाला, इंग्रजांच्या मुलखात, आपल्या सासुरवाडीच्या रानात जायचे. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझे वडील अण्णा. धाराशिवला एका नातलगाच्या ओसरीवर राहून ते उर्दू शिकले आणि कचेरीत उमेदवार म्हणून उभे राहिले. उमेदवार म्हणजे कुणी मोठा माणूस नव्हे. जागा निघेल या आशेवर बिनपगारी राबणारा. पण साहेबापुढं जायचं तर शेरवानी पाहिजेच. कचेरीत साहेबापुढं कागद मांडणारे पेशकार, ज्यांना सगळे खाँसाहेब म्हणत, त्यांनी आपली जुनी काळी शेरवानी अण्णांना दिली. ती घालून अण्णा पहिल्यांदा गावी आले तेव्हा आजोबा म्हणाले, "लेका, ही झूल घालून मेंढरामागं जाऊ नगंस. बिथरून पळतील."

गेल्या महिन्यात अण्णा गेले. सकाळीच भावाचा फोन आला, "ताई, अण्णा..." आणि त्यानं फोन ठेवला. मी धाराशिवला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. लोक अण्णांबद्दल चांगलंच बोलत होते: शिस्तीचे होते, कचेरीत कुणाला हेलपाटे घालायला लावले नाहीत. मी ऐकत होते, पण डोळे दाराआडच्या खुंटीकडं जात होते. शेरवानी तिथंच होती.

अण्णांची हाताशी आलेली नोकरी एका उत्तरापायी गेली. ते उत्तर खोटं नव्हतं, उद्धटही नव्हतं. चांगली दोनतीन वर्षं कागदांच्या मिसली बांधल्यावर, दौती भरल्यावर, साहेबांच्या हुकमाच्या नकला करून बोटं काळी झाल्यावर एकदाची कारकुनाची जागा निघाली. त्या राज्यात नोकरी मिळायची ती मुल्की माणसाला, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या माणसाला. अण्णांच्या सात पिढ्या इथल्याच. त्यांना कसली भीती? साहेबांनी विचारलं, पैदाइश कुठली? अण्णांनी छाती काढून सांगितलं, आजोळची. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि आजोळी जन्मणं म्हणजे लाडाकोडाचं. तेच ते सांगत होते. आजोळ कुठं? बार्शीकडं, नाक्याच्या पलीकडं, इंग्रजांच्या मुलखात. साहेबांनी मान वर केली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि संपलं. बाहेर आल्यावर खाँसाहेबांनी कपाळ बडवून घेतलं. "अरे बावा, इत्ता सच बोलने कू कौन बोल्या था तुमकू?" अण्णा म्हणाले, "पण खाँसाहेब, मेंढरं पलीकडं विऊन येत्यात. त्यांना कुनी मुलूख इचारतं का?" खाँसाहेब म्हणाले, "मेंढरां कू नोकरी नै होना, बावा."

अण्णांच्या दरखास्तीवर शेरा पडला, जेरे-गौर. म्हणजे विचार चालू आहे. जागा दुसऱ्याला मिळाली. विचार मात्र चालूच राहिला. अण्णा लग्नानंतर धाराशिवलाच बिऱ्हाड करून होते; रोज जाऊन विचारायचे आणि रोज तेच दोन शब्द घेऊन परत यायचे. आमच्या घरात उर्दू एकट्या अण्णांना यायचं, पण हे दोन शब्द सगळ्यांना पाठ झाले. भाकरी कधी होणार म्हटलं की आई चुलीपुढून म्हणायची, "जेरे-गौर हाय." हसायचे सगळे. अण्णाही हसायचे... पण उठून बाहेर जायचे.

त्यात आईला दिवस गेले. माझ्या वेळचे. आई म्हणजे अण्णांच्या सख्ख्या मामाची मुलगी. तेव्हा तिचं माहेर तेच अण्णांचं आजोळ. ज्या खोलीत अण्णा जन्मले त्याच खोलीत मी जन्मायची होते. सातव्या महिन्यात आजी, म्हणजे आईची आई, बैलगाडी घेऊन लेकीला न्यायला आली. आईनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. अण्णा दार अडवून उभे राहिले. पुढचं मला आईनं इतक्यांदा सांगितलंय की मी ते पाहिल्यासारखंच वाटतं. आजी म्हणाली, "तू माझ्या घरात जल्मलास. ह्या हातांनी तुला झेललं. तवा काय वाकडं झालं रं तुजं?"

"लई वाकडं झालं, मामी," अण्णा म्हणाले. "माज्या लेकराला कुनी परमुलखाचं म्हनू नये."

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही न पिण्याची आमच्यात रीत. आजी लिंबाखाली कोरड्या घशानं बसून राहिली. ऊन कलल्यावर उठली, डिंकाचे लाडू उंबऱ्यावर ठेवले आणि गाडी रिकामीच परत घेऊन गेली. मी नाक्याच्या अलीकडं जन्मले, मुल्की जन्मले. बारशाला ये म्हणून निरोप धाडला, पण आजीचा राग उतरला नव्हता. मग गडबडीचे दिवस आले. नाके बंद, रस्त्यावर हत्यारबंद माणसं. आजी पलीकडं तापानं गेली, आणि निरोप आला तोवर तिचे दिवसही होऊन गेले होते. मला तिनं पाहिलंच नाही.

आणि थोड्याच काळात निजामाचं राज्यच गेलं. नाका गेला, मुल्कीचा दाखला गेला. ज्यासाठी आईचं माहेर तोडलं ते काहीच उरलं नाही. आई अण्णांना एवढंच म्हणाली, "आता कुठलं म्हनायचं हिला?" त्यांची उर्दूही निरुपयोगी झाली. तिशीच्या आसपासचा माणूस शाळेतल्या पोरांच्या पुस्तकांवरून पुन्हा कचेरीची भाषा, आता मराठी, शिकला आणि कारकून झाला. मी विचारलं होतं एकदा, नव्या राज्यात काय बदललं? म्हणाले, "जेरे-गौरला आता विचाराधीन म्हनत्यात."

मी बी. ए. झाले. आमच्या घरातली पहिली. हे मी मिरवून सांगते, कारण अण्णांनीही ते गावभर मिरवलं. पण अण्णा म्हटलं की मला पदवीचा दिवस आठवत नाही. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मी सासरी असताना ते मला न्यायला आले, तो दिवस आठवतो. सासूबाई म्हणाल्या, इथं मोठा दवाखाना आहे, तिकडं कशाला? अण्णा खुर्ची असून उभेच होते. कचेरीची सवय, बसा म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत. हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, न्हाय म्हनू नका. एका माउलीला म्या रिकामी गाडी परत न्यायला लावली हाय."

आयुष्यात त्या गोष्टीबद्दल ते बोलले ते एवढंच. माहेरी आल्यावर मी ते आईला सांगितलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. त्या संध्याकाळी मात्र तिनं अण्णांच्या ताटात स्वतः बसून भाकरी कुस्करली.

तेराव्यानंतर आवराआवर करताना भावानं शेरवानी खुंटीवरून काढली. कॉलर विरलेली, वरची दोन बटणं वेगळ्या रंगाची. "हिचं काय करायचं, आई?" आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर पाहिलं आणि हात हलवला. "ऱ्हाऊ दे तिथंच. जेरे-गौर हाय." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, ती मोठ्यानं रडली.

माझी मुलगी आजोळी जन्मली. आज ती सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, कायम नोकरीवर. तिची नेमणूक झाली तेव्हा मी तिला कुठं जन्म दिला, असं कुणीही विचारलं नाही.